संक्रांतीनंतरचा शनिवार

सकाळी ६.३०

रात्रीतून अकरा मेसेज आले आहेत. सात जणांची ब्रॅकेटं निघाली आहेत, दोघांना तार गालात टोचते आहे, एकाची प्लेट घरच्या कुत्र्याने चघळली आहे. अकराव्या आईने काहीच लिहिलेलं नाही. तिळाच्या वडीच्या अर्ध्या तुकड्याचा फोटो आणि खाली जोडलेले हात. फोटो मोठा करून पाहिला तर वडीत रुतलेलं ब्रॅकेट चमकताना दिसतं.

संक्रांत बुधवारी झाली. तिकडे येवल्यात पतंग तीन दिवस उडतात आणि त्याचा हिशोब शनिवारी माझ्या दवाखान्यात होतो. डिसेंबर लागला की मी प्रत्येक पोराला सांगायला घेते: वडी समोरच्या दातांनी तोडायची नाही, बारीक तुकडा करून मागच्या दाढेवर घ्यायची, ऊस तर दाताला लावायचाच नाही. पोरं मान डोलावतात. गच्चीवर पेच लागलेला असताना डॉक्टरची सूचना कुणाला आठवणार?

सकाळी ७.३०

चहाबरोबर एक्स-रे. आज तीन नवे ‘सेफ’ बघायचे आहेत. सेफ म्हणजे सेफॅलोग्राम, डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. दात आणि जबडे पाहायला म्हणून काढलेल्या या फिल्मवर मी आधी मान पाहते. मानेच्या मणक्यांची खालची कड लहानपणी सपाट असते. वयात येण्याच्या सुमारास तिला बाक येऊ लागतो आणि पाचरीसारखे दिसणारे मणके हळूहळू चौकोनी होत जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याला बाक आहे, चौथा अजून सपाट आहे, असं दिसलं की खालच्या जबड्याच्या वाढीचा जोर जवळ आलाय, वर्षाच्या आत येणार, असं समजायचं.

शाळेच्या दाखल्यावरचं वय इथे फारसं उपयोगी पडत नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन बारा वर्षांच्या मुलांत एकाची वाढ सुरू व्हायची असते, दुसऱ्याची निम्मी सरलेली असते. मुली तर साधारण दोन वर्षं पुढेच. आईवडील येतात ते ‘कोणती ट्रीटमेंट सगळ्यात चांगली?’ हा प्रश्न घेऊन. क्लिप, प्लेट, अलायनर, सगळं मोबाइलवर वाचून आलेले असतात. मी मात्र मणके मोजत बसते, आणि त्यांना वाटतं मॅडम विषय टाळतायत.

आजच्या तीन फिल्मपैकी दोन सोप्या आहेत. तिसरी आठ वर्षांच्या मुलीची. ती मी दोनदा बघते.

सकाळी ९.१५

दवाखाना कॉलेज रोडच्या एका गल्लीत. पहिला पेशंट निफाडचा, बारा वर्षांचा. थंडीची लाट आली की महाराष्ट्रातला सगळ्यात खालचा पारा पुष्कळदा निफाडचाच असतो. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बाप तसाच इकडे आला आहे. स्वेटरला धुराचा वास येतोय.

पोरगा पहिल्यांदा आला तेव्हा वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या १० मिलिमीटर पुढे होते. साधारण २ ते ३ असावेत. ओठ मिटत नव्हते, खालचा ओठ वरच्या दातांमागे जाऊन बसायचा. अशा तोंडाकडे पाहून घरचे म्हणतात ‘दात पुढे आहेत’. बऱ्याचदा दात जागेवरच असतात, खालचा जबडा मागे राहिलेला असतो. त्याला मी ट्विन ब्लॉक दिला. आमच्या दवाखान्यात त्याचं नाव ‘ठोकळे’. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, दोन्हींवर अॅक्रिलिकचे उतार. तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे सरकवूनच मिटतं. जेवतानाही घालूनच जेवायचं, कारण चावण्याचा जोरच इथे औषधाचं काम करतो. स्कॉटलंडमध्ये फाइफ इथल्या विल्यम क्लार्क या डॉक्टरने १९७७ मध्ये हे पहिल्यांदा वापरलं, तेही एका सहकाऱ्याच्या मुलासाठी. पोरगा पडला, वरचा दात निखळला, तो परत बसवला. पण खालचा ओठ मागून दाबत राहिला तर तो टिकणार कसा, या काळजीतून ही युक्ती निघाली.

बापाने तेव्हा ठोकळे हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. “मॅडम, पैसे घेताच आहात तर तार लावा की. हे खेळणं कशाला?” मी त्याच्यासमोर सगळे रस्ते मांडले होते. हेच काम आठव्या-नवव्या वर्षी करता आलं असतं का? आलं असतं. ब्रिटनमध्ये यावर मोठा अभ्यास झाला आहे: आठ ते दहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना लगेच ठोकळे दिले, काहींना थांबवलं. पुढे सगळ्यांचे उपचार पूर्ण झाल्यावर दोन्ही गटांच्या चाव्यात सांगण्यासारखा फरक उरला नाही; लवकर सुरू केलेल्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तेवढ्या जास्त झाल्या. लवकर करण्याचा खरा फायदा एवढाच दिसतो, की पुढे आलेले दात खेळताना फुटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून ज्याचा दात एकदा फुटून आलाय किंवा ज्याला वर्गात चिडवून रडवतात, त्याला मी थांबवत नाही. बाकीच्यांना वाढीचा जोर येईपर्यंत थांबवते.

दुसरा रस्ता हर्बस्टचा. दातांना पक्कं बसवलेलं, दांडा-नळीचं यंत्र, पोराला काढताच येत नाही. तिसरा म्हणजे पुढे तारा लावून वरच्या दोन उपदाढा काढायच्या आणि समोरचे दात मागे आणायचे. चेहरा आहे तसाच, दात मात्र झाकले जातात. चौथा म्हणजे वाढ संपल्यावर जबड्याचं ऑपरेशन. ठोकळ्यांची आणि हर्बस्टची तुलनाही ब्रिटनमध्येच झाली होती. परिणाम जवळपास सारखे. पण ठोकळेवाल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी उपचार अर्धवट सोडले, हर्बस्टवाल्यांपैकी आठात एकाने. उलट हर्बस्ट जास्त मोडतं.

एक तृतीयांश! हे ऐकून बाप हसला होता. “मॅडम, पाऊस झाला की फवारणीला आम्ही रात्री दोनला उठतो. प्लेट घालायचं काय घेऊन बसलात?” मी हर्बस्टचा कागद मिटला तो त्या वाक्यावर.

सात महिने झाले. आज पट्टीने मोजलं तर ४. पण या ४ वर मी लगेच विश्वास ठेवत नाही. सवयीने पोरं जबडा पुढे धरून ठेवतात. मान सैल सोडायला लावून हनुवटी हलक्या हाताने मागे नेली तर ५. हाच खरा आकडा. आणि कमी झालेल्या पाचातलाही बराचसा भाग दात कलल्यामुळे आहे, जबड्यामुळे मिळालेला हिस्सा थोडा. ठोकळ्यांनी जबडा लांब होतो असं छापणारी पत्रकं मीही पाहिली आहेत. मी तसं सांगत नाही. ओठ मिटतात, दात झाकले जातात, ऑपरेशनचा विषय बहुतेकदा निघत नाही. त्या पोराला एवढं पुरतं. बापाने जाताना द्राक्षांची पेटी ठेवली. ती चालतात. क्लिपवाल्यांना मी बिनधास्त सांगते अशी थोडी फळं आहेत, त्यात द्राक्षं पहिली. पेरू मात्र फोडी करूनच.

सकाळी १०.४०

सकाळी दोनदा पाहिलेली फिल्म जिची, ती मुलगी आली. आठ वर्षांची, सातपूरची. वडील अंबडच्या एका कारखान्यात. हिचा चावा उलटा आहे. खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. घरचे म्हणाले, “अजून दुधाचे दात आहेत, सगळे पडू द्या, बारा वर्षांची झाली की आणू असं ठरवलं होतं. शाळेच्या तपासणीत बाईंनी पाठवलं म्हणून आलो.”

निफाडच्या पोराला आठव्या वर्षापासून चार वर्षं थांबवलं असतं तर काही बिघडलं नसतं. हिचं उलट आहे. हिच्या बाबतीत थांबणंच महाग पडतं.

आधी खात्री करायची. तिला मागे रेलायला सांगून जबडा हळूच मागे नेला: समोरचे दात एकमेकांच्या टोकांवर टेकतात का? टेकले असते तर जबडा ठीक आहे, दात अडखळल्यामुळे ती तो पुढे सरकवते, असा अर्थ झाला असता. मग एक साधी स्प्रिंगची प्लेट किंवा चार दातांवर थोड्या तारा, काही महिन्यांत मोकळी. पण टेकत नाहीत. फिल्मवर वरचा जबडा मागे आहे. हिला फेसमास्क लागेल.

तो मी टेबलावर ठेवला आणि आईचा चेहरा पडला. कपाळाला एक पट्टी, हनुवटीला एक वाटी, मध्ये दांडी. तोंडातल्या यंत्राच्या हुकांना रबर लावून वरचा जबडा पुढे ओढायचा. रोज बारा-चौदा तास. “शाळेत?” शाळेत नाही. शाळेतून आल्यावर, अभ्यास करताना, टीव्ही बघताना, झोपताना. “रात्री कुशीवर कशी झोपेल?” पहिले चार दिवस झोपणार नाही, मग झोपेल. मुलीने स्वतः तो उचलून तोंडापुढे धरला नि आरशात पाहिलं. “क्रिकेटवाल्यांसारखा आहे,” म्हणाली. मला अशा वेळी आईपेक्षा मुलीचा जास्त भरवसा वाटतो.

हमी देता येत नाही, हेही सांगितलं. दहाच्या आत फेसमास्क लावलेल्या मुलांचा पाठपुरावा ब्रिटनमध्ये सहा वर्षं केला गेला: पुढे जबड्याच्या ऑपरेशनची गरज लागेल अशी सुमारे ३६ टक्के निघाली, न लावलेल्यांत ६६ टक्के. म्हणजे शक्यता जवळपास निम्म्यावर येते, शून्यावर नाही. खालचा जबडा अठरा-वीसपर्यंत वाढू शकतो. त्याला कुणी थोपवू शकत नाही. मी वडिलांच्या हनुवटीकडे पाहिलं. त्यांनीही ती नकळत हाताने झाकली. त्यांचीही पुढेच आहे.

खर्चाचं बोलणं निघालं तेव्हा पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजचं नाव मीच काढलं. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच उपचार करतात आणि खर्च बराच कमी येतो. माझ्याकडे करायचं की तिकडे, ते घरी बसून ठरवा. पण या महिन्यात ठरवा. हे मी दोनदा बजावलं.

सकाळी ११.३०

तिळगूळ. आठ ब्रॅकेटं, दोन तारा. यात सांगण्यासारखं काही नाही: जुनं सिमेंट घासायचं, दाताला आम्लाचं जेल, धुवायचं, वाळवायचं, चिकटद्रव्य लावून ब्रॅकेट दाबायचं, निळा उजेड. एका पोराने रबरांचा रंग भगवा मागितला, शिवजयंती जवळ आली म्हणून. पारदर्शक रबर मागणाऱ्या ताईला मी हळदीचं सांगितलं. दोन वरणभातांत ती पिवळी होतात.

सुरुवातीला जी निकेल-टायटॅनियमची तार बसवतो ती अमेरिकेतल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या मिश्रधातूची. वाकवली तरी मूळ आकारात परतते. तिचा एक प्रकार तोंडाच्या उष्णतेवर चालतो, थंड झाला की मऊ पडतो. म्हणून दुखलं तर गार पाण्याची चूळ भरा असं सांगतो. जानेवारीत नाशिककर पोर गार पाण्याला हात लावत नाही. “मॅडम, त्यापेक्षा दुखू दे.”

दुपारी १.००

जेवणाच्या आधी शेवटचा. मुलगा नऊ वर्षांचा, टाळू अरुंद, मागच्या दाढा एका बाजूला उलट्या बसतात, त्यामुळे जबडा दर वेळी डावीकडे घसरतो. तोंडाने श्वास घेतो, रात्री घोरतो. नाकाच्या डॉक्टरांकडे आधीच पाठवलंय. मंगळवारी त्याच्या टाळूत स्क्रू असलेलं रुंदावण्याचं यंत्र बसवलं. सकाळ-संध्याकाळ किल्लीने एकेक पाव वळसा. एका पाव वळशाला पाव मिलिमीटर.

टाळूची दोन हाडं मध्ये सांध्याने जोडलेली असतात. या वयात तो सांधा उघडतो आणि फटीत नवं हाड भरतं. विशीकडे तो इतका घट्ट होतो की हेच यंत्र फक्त दाढा बाहेर कलवतं. घाई नको असेल तर तारेचं, सावकाश ताण देणारं यंत्रही आहे. थोडं अरुंद असेल तर मी तेच देते. याचा टाळू फार अरुंद होता.

आईची तक्रार: “आठ वेळा फिरवली, काहीच झालं नाही. मी उलटी तर फिरवत नाही ना?” बघितलं, बरोबर फिरवतेय, यंत्र दोन मिलिमीटर उघडलंय. तिला पुन्हा समजावलं की समोरच्या दोन दातांमध्ये फट पडेल, ती पडलीच पाहिजे, ती पाहून घाबरायचं नाही, पुढे ती आपोआप मिटत जाते. तिने मान डोलावली. तिळगुळाच्या वेळी पोरं डोलावतात तशीच.

दुपारी २.१०

डबा. मधेच एक आजोबा गुडघा धरून आत आले. पाटीवरच्या ‘ऑर्थोडॉन्टिस्ट’मधलं ‘ऑर्थो’ तेवढं वाचून. महिन्यातून एक तरी येतातच. दवाखान्यातल्या मावशींनी त्यांना पाणी देऊन शेजारच्या इमारतीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे पोचवलं.

मग लॅबच्या दादांना फोन. कुत्र्याने चघळलेल्या प्लेटचं माप संध्याकाळी पाठवते. “कुत्र्याचं पण माप घ्या मॅडम,” म्हणाले.

दुपारी ४.००

चौदा वर्षांची नात, त्र्यंबकचे आजोबा, आणि गंगापूर रोडवर राहणारी आई. वरचे-खालचे दोन्हीकडचे दात दाटीने पुढे आलेले, ओठ फुगलेले. मी चार उपदाढा काढायला सांगितल्या आहेत, आणि आजोबा त्याचा जाब विचारायला खास आले आहेत.

“किडलेला दात काढतात. चांगला दात काढायचा? आणि वरचा दात काढला की नजर जाते.”

नजरेचं उत्तर सोपं: दाताची आणि दृष्टीची नस वेगवेगळी. दुसऱ्या प्रश्नावर मात्र आजोबा एकटे नाहीत. आमच्या शास्त्राचा जनक म्हणतात तो एडवर्ड अँगल. १८९९ साली त्याने चाव्याचे तीन वर्ग पाडले, जे आम्ही अजून वापरतो. तो दात काढण्याच्या सक्त विरोधात होता. सगळे बत्तीस दात ओळीत बसलेच पाहिजेत, म्हणायचा. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड, अॅरिझोनातला, वर्षानुवर्षं गुरूच्या वाटेने गेला आणि मग पाहिलं की आपल्याच कितीतरी रुग्णांचे दात परत पुढे आलेत. त्याने त्या रुग्णांच्या उपदाढा काढून, फी न घेता, पुन्हा उपचार केले. मी हे सगळं आजोबांना सांगितलं. ते ऐकत होते; कीर्तनातला वाद ऐकावा तसे. मग मी प्लास्टरचं मॉडेल हातात दिलं: एका उपदाढेची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर, नातीला एकेका बाजूला जागा हवी ६ ते ७. कुठून आणू? त्यांनी मॉडेलवर बोट फिरवलं. “आणि पुढच्यांत दाटी कमी असती तर?” तर नसती काढली, म्हटलं. अर्धीअधिक मुलं मी काहीही न काढताच करते.

आता आईची पाळी. तिला क्लिप नको, अलायनर हवेत. पारदर्शक, काढता येणारे, तिळगुळाला मोकळे. मलाही ते आवडतात. थोडी दाटी, थोडी फट, जबाबदार मूल, तर अवश्य. पण उपदाढा काढून उरलेल्या मोठ्या जागेत दात उभ्याने, मुळासकट सरकवायचा असतो. तिथे प्लास्टिकचं कवच दाताला कलवतं, मूळ मागे राहतं. शिवाय बावीस तास घालायचे आणि खर्च काही पट. मी नातीला विचारलं, पाण्याची बाटली शाळेत किती वेळा विसरतेस? ती हसली, आई हसली नाही. घरी साचा मागवून स्वतःच दाताचं माप पाठवायचं आणि डबीतून कवचं मागवायची, अशी सोयही हल्ली जाहिरातीत दिसते. एक्स-रेशिवाय. वाढत्या मुलाचा एकही दात मी तसा हलवू देणार नाही. यावर मी जरा आवाज चढवूनच बोलते, हे मावशींनी मला सांगितलेलं आहे.

ठरलं: धातूची क्लिप, दीड-दोन वर्षं. आजोबा उठताना म्हणाले, “काढलेले दात मला द्या. उंबऱ्याखाली पुरीन.” देईन.

संध्याकाळी ६.३०

एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. निफाडच्या मुलाचंच तोंड, सात वर्षांनी मोठं. मानेचे मणके केव्हाच चौकोनी झालेले. ठोकळ्यांना हाताशी धरायला आता वाढच उरलेली नाही. दोनच रस्ते: वरच्या दोन उपदाढा काढून दात मागे आणणं, नाहीतर ऑपरेशन करून जबडा पुढे आणणं, आणि त्याच्याही आधी-नंतर तारा आहेतच.

आई म्हणाली, “आठ वर्षांचा असताना दाखवलं होतं. म्हणाले, सगळे दात येऊ द्या. मग दहावी आली, मग बारावी.” तिने स्वतःलाच दोष द्यायला सुरुवात केली तेव्हा मी थांबवलं. आठव्या वर्षीचा सल्ला चुकीचा नव्हता. तेव्हा करूनही हाती फार लागलं नसतं. बारा-तेराच्या दरम्यान एकदा पुन्हा दाखवा, एवढं एक वाक्य त्या सल्ल्याला जोडायचं राहून गेलं. मुलगा गप्प होता. शेवटी म्हणाला, “ऑपरेशनने चेहरा बदलतो ना? मग ओळखपत्रं सगळी बदलावी लागतील?” ही शंका मला कुणी आजवर विचारली नव्हती. उत्तर सोमवारी देते म्हटलं.

रात्री ९.२०

घरी. भात कुकरला लावला आणि फोन वाजला. दुपारी एकच्या आईने पाठवलेला फोटो. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च धरलाय, पोराचं तोंड आ वासलेलं, समोरच्या दोन दातांमध्ये स्पष्ट फट; नखभर. खाली सलग तीन मेसेज: “मॅडम फट पडली.” “ह्याचे बाबा म्हणतात जास्त फिरवली.” “आता उलटी फिरवू का?”

मी फोटो मोठा करून पाहिला. सांधा उघडला होता.

लिहिलं: उलटी अजिबात नाही. उद्या सकाळी नेहमीसारखाच एक पाव वळसा, बाणाच्या दिशेने.

दोन निळ्या खुणा आल्या. मग उत्तर आलं: “बाबांना पण सांगा, ते किल्ली देत नाहीयेत.”